सर्व्हर नव्या डिस्कवर नेताना: क्लोन, आरसिंक की पीव्हीमूव्ह?

डेटा नव्या डिस्कवर पोहोचला, एकही फाइल सुटली नाही, तरी सर्व्हर उठत नाही. पडद्यावर ड्रॅकट या बूटच्या साधनाची आणीबाणीची शेल उघडलेली, आणि वर इशारा: अमुक यूयूआयडीचं (म्हणजे ओळख-क्रमांकाचं) डिव्हाइस सापडत नाही. स्टोरेज बदलणाऱ्या बहुतेक अ‍ॅडमिननी हा पडदा कधी ना कधी पाहिलेला असतो. मीही पाहिलाय, रात्री दोन वाजता, सकाळी नऊला लोक कामावर येणार हे माहीत असताना.

तेव्हापासून डेटा न्यायची पद्धत ठरवताना मी आधी एक प्रश्न विचारतो: या पद्धतीने गेलो तर बूटच्या साखळीतलं काय काय मला हाताने बदलावं लागेल? कॉपीला किती तास लागतील ते त्यानंतर बघतो. कॉपीचा वेळ आधी कळतो, त्यासाठी लोकांकडून सुट्टी मागून घेता येते. बूट अडकलं तर किती वेळ जाईल ते कुणालाच सांगता येत नाही.

इथे डोळ्यासमोर आहे तो एकटा, खराखुरा लिनक्स सर्व्हर. साटा एसएसडी किंवा जुन्या रेड कंट्रोलरवरून तो एनव्हीएमईवर किंवा नव्या कंट्रोलरवर जाणार आहे. रेड हॅटच्या घराण्यातला असो, नाहीतर डेबियन-उबुंटू. वाटा तीन: क्लोन, म्हणजे पूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत; आरसिंक, म्हणजे नव्या फाइलसिस्टिमवर फाइल-फाइल कॉपी; आणि पीव्हीमूव्ह, म्हणजे एलव्हीएमने (डिस्क आणि फाइलसिस्टिम यांच्यामधला, जागा वाटून देणारा थर) चालू सर्व्हरवरच डेटा सरकवणं.

साखळीतली प्रत्येक कडी डिस्क वेगळ्या खुणेने ओळखते

आधी फर्मवेअर, म्हणजे मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर: जुनं बायोस किंवा नवं यूईएफआय. जुन्या बायोसला फक्त डिस्कचा पहिला सेक्टर कळतो. त्यातले ४४६ बाइट बूटलोडरचे (कर्नल चालू करणारा प्रोग्रॅम, इथे ग्रब), आणि एमबीआर या जुन्या पद्धतीचं पार्टिशन टेबल असेल तर ग्रबचा पुढचा भाग पहिल्या पार्टिशनच्या आधीच्या मोकळ्या जागेत बसलेला असतो. ही जागा कुठल्याच पार्टिशनमध्ये येत नाही, म्हणून नुसती पार्टिशनं कॉपी केली की ग्रब मागे राहतो. यूईएफआयचं तसं नाही. मदरबोर्डच्या स्वतःच्या स्मृतीत एक नोंद असते: अमुक जीयूआयडीच्या (ओळख-क्रमांकाच्या) पार्टिशनवरची अमुक फाइल चालव. या पार्टिशनला ईएसपी म्हणतात. मदरबोर्ड बदलला की नोंद गेली.

मग ग्रब. तो बूट पार्टिशन फाइलसिस्टिमच्या यूयूआयडीवरून शोधतो. त्यापुढे कर्नलला ‘रूट’ हा, मुख्य फाइलसिस्टिम कुठे आहे ते सांगणारा पॅरामीटर मिळतो. तो वाचून रूट प्रत्यक्ष शोधायचं काम इनिट्रॅमएफएस (कर्नलबरोबर मेमरीत चढणारी छोटी तात्पुरती फाइलसिस्टिम) करतं, आणि त्यासाठी कंट्रोलरचा ड्रायव्हर त्याच्या पोटात असावा लागतो. शेवटी एफएसटॅब, म्हणजे काय कुठे माउंट करायचं त्याची यादी. तिथे चुकीची एक ओळ राहिली तर सिस्टिमडी (सेवा चालू करणारा प्रोग्रॅम) त्या डिस्कसाठी ९० सेकंद थांबतं आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जातं. ती ओळ कुठल्यातरी जुन्या बॅकअप डिस्कची असली तरीसुद्धा. अशा दुय्यम डिस्कच्या ओळीत ‘नोफेल’ (डिस्क नसली तरी पुढे जा) लिहून ठेवायची सवय आजच लावून घ्या.

नावांबद्दल इथेच सांगून टाकतो. एसडीए, एसडीबी ही नावं एफएसटॅबमध्ये ठेवू नका. कर्नल डिस्क सापडतील त्या क्रमाने नावं देतो, आणि त्या क्रमाची हमी नाही. फेडोरा ७ मध्ये, २००७ साली, आयडीई डिस्कचं एचडीए बदलून एसडीए झालं. एचपीच्या स्मार्ट अ‍ॅरे कंट्रोलरवर सीसीआयएसएस जाऊन एचपीएसए ड्रायव्हर आला तेव्हा तिथलीही नावं बदलली. आता एनव्हीएमईवर आणखी वेगळं नाव येतं, आणि दोन एनव्हीएमई असतील तर त्यांच्यातही अदलाबदल होऊ शकते. साध्या पार्टिशनला यूयूआयडी, एलव्हीएम असेल तर मॅपरखालचं नाव. लेबल वाचायला सोपं, पण तेही जपून. रेड हॅटचे जुने इन्स्टॉलर रूटला नुसतं ‘/’ असं लेबल देत. दुसऱ्या सर्व्हरची डिस्क जोडली की दोन डिस्कवर एकच लेबल, आणि गोंधळ.

तिन्ही वाटा एका नजरेत

| | क्लोन | आरसिंक | पीव्हीमूव्ह |
|---|---|---|---|
| सर्व्हर बंद | पूर्ण कॉपी होईपर्यंत | शेवटच्या फेरीपुरता | रीबूटपुरता |
| एफएसटॅब | तसाच | जवळजवळ प्रत्येक ओळ नवी | बूट आणि ईएसपीच्या ओळी |
| कर्नलचा रूट पॅरामीटर | तोच | नवा | तोच |
| बूटलोडर | डिस्कबरोबर येतो | पुन्हा बसवायचा | पुन्हा बसवायचा |
| इनिट्रॅमएफएस | नव्याने | नव्याने | नव्याने |
| परतीची वाट | जुनी डिस्क | जुनी डिस्क | फक्त बॅकअप |

इनिट्रॅमएफएसच्या ओळीत तिन्ही रकान्यांत एकच उत्तर आहे. लोक नेमके तिथेच अडकतात. त्याकडे शेवटी येतो.

क्लोन: सगळं तेच, आणि अडचणही तीच

डीडीने किंवा क्लोनझिलाने पूर्ण डिस्क उतरवली की पार्टिशन टेबल, ग्रब, फाइलसिस्टिमचे यूयूआयडी, एलव्हीएमच्या ओळखी, सगळं अक्षरशः तेच येतं. एफएसटॅबला हात लावावा लागत नाही. मशीन तेच असेल तर यूईएफआयची नोंदही बहुतेक वेळा चालते, कारण तिच्यातला पार्टिशनचा जीयूआयडीसुद्धा क्लोन झालेला असतो.

आता दोन्ही डिस्क जोडलेल्या ठेवून रीबूट करा. एकाच यूयूआयडीच्या दोन फाइलसिस्टिम समोर आल्यावर काय होतं, ते फाइलसिस्टिमवर अवलंबून असतं. एक्सएफएस एक माउंट असताना दुसरी माउंट करायला साफ नकार देते. ते बरं, कारण निदान कळतं तरी. एलव्हीएम डुप्लिकेट पीव्हीची (एलव्हीएमला दिलेल्या डिस्कची) तक्रार करतं. ईएक्सटी४ मात्र गुपचूप दोघींपैकी एक उचलते. बीटीआरएफएसमध्ये तर डेटा खराब होण्याचाच धोका आहे.

माझ्याकडे हे ईएक्सटी४ वर घडलं. क्लोननंतर जुनी डिस्क ‘असू दे’ म्हणून आत ठेवली होती. सर्व्हर व्यवस्थित उठला, आठवडाभर चालला. पुढच्या रीबूटला मात्र जुनं रूट माउंट झालं, आणि आठवड्याभराच्या नोंदी नाहीशा झाल्यासारख्या दिसल्या. त्या गेल्या नव्हत्या, नव्या डिस्कवर होत्या. पण ते उमगेपर्यंत जुन्या डिस्कवरही अर्ध्या दिवसाच्या नव्या नोंदी पडल्या होत्या, आणि दोन्हीकडचा डेटा हाताने जुळवायला तीन दिवस गेले. क्लोन केलात तर पहिल्या बूटच्या आधी जुनी डिस्क केबलसकट बाहेर काढा. सॉफ्टवेअरमधून बंद करून भागत नाही.

आणखी दोन गोष्टी बघाव्या लागतात. जीपीटीची (नव्या पद्धतीच्या पार्टिशन टेबलाची) दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी असते. नवी डिस्क मोठी असेल तर क्लोननंतर ती प्रत मध्येच कुठेतरी राहते. एसजीडिस्कचा ‘ई’ पर्याय ती शेवटी हलवतो. दुसरी गोष्ट सेक्टरची. जुनी डिस्क ५१२ बाइटचे सेक्टर दाखवत असेल आणि नवी एनव्हीएमई ४०९६ वर फॉरमॅट केलेली असेल, तर क्लोनचा उपयोग नाही. पार्टिशन टेबलातले सगळे आकडे सेक्टरमध्ये मोजलेले असतात, ते आता चुकीच्या जागा दाखवतात. लॉजिकल सेक्टर किती बाइटचा आहे ते एलएसबीएलके दाखवतं. क्लोन सुरू करण्याआधी दोन्ही डिस्कवर बघून घ्या.

एमबीआर असेल तर तीही मर्यादेसकट येते: ५१२ बाइटच्या सेक्टरवर २ टेबीबाइटच्या पुढे जाता येत नाही. ४ टेराबाइटची डिस्क घेऊन अर्धी वापरायची, हे मला पटत नाही.

तरीही एका प्रसंगी क्लोन हीच योग्य वाट: जुनी डिस्क मरायला टेकली असेल तेव्हा. फाइल-फाइल वाचत बसलात तर हेड इकडून तिकडे पळत राहतं. अशा वेळी डीडीरेस्क्यूने वाचता येतं ते सरळ रेषेत आधी उतरवून घ्या, बाकीचं मागाहून.

आरसिंक: काम जास्त, पण घर नव्याने लावता येतं

नवी पार्टिशनं, नवी फाइलसिस्टिम, मग आरसिंक. सर्व्हर चालू असताना पहिली फेरी, नंतर डेटाबेस आणि सेवा बंद करून शेवटची छोटी फेरी. हार्डलिंक, एसीएल आणि एक्सटेंडेड अ‍ॅट्रिब्यूट जपणारे एच, ए आणि एक्स हे मोठ्या अक्षरांतले पर्याय विसरू नका. एक्स राहिला तर एसईलिनक्स या सुरक्षा यंत्रणेची लेबलं गळतात आणि लॉगिनसुद्धा होत नाही. शंका असेल तर नव्या रूटमध्ये ‘.ऑटोरीलेबल’ ही रिकामी फाइल ठेवा. पहिल्या बूटला वेळ लागेल, पण लेबलं नीट लागतील.

इथे यूयूआयडी नवे. म्हणून एफएसटॅब, कर्नलचा रूट पॅरामीटर, ग्रबचा शोध, स्वॅपवरून ‘रिझ्यूम’ची (झोपवलेली सिस्टिम जागी करण्याची) नोंद, सगळं बदलायचं. जुन्या फाइलसिस्टिमचा यूयूआयडी नव्याला चिकटवता येतो, ट्यून२एफएस आणि एक्सएफएस-अ‍ॅडमिन दोन्ही ते करतात. मी तसं करत नाही. चार ओळी बदलायचं वाचवण्यासाठी क्लोनचाच धोका परत घरात आणण्यात अर्थ नाही.

बदल करायचे ते नव्या रूटमध्ये सीएचरूट करून, म्हणजे त्यालाच चालू सिस्टिम मानून. डेव्ह, प्रोक, सिस आणि रन बाइंड-माउंट करा, यूईएफआय असेल तर ईएफआयव्हार्सही, आणि लाइव्ह यूएसबी यूईएफआय मोडमध्येच चालू केलीय याची खात्री करा. बायोस मोडमध्ये चालू केलेल्या लाइव्ह यूएसबीतून यूईएफआयची नोंद करता येत नाही. ही चूक फार होते, आणि ग्रबचा त्रुटीसंदेश वाचून ती लगेच लक्षात येत नाही.

पुढे घराण्यानुसार वाट बदलते.

डेबियन-उबुंटूवर ग्रब-इन्स्टॉल, मग अपडेट-ग्रब, मग अपडेट-इनिट्रॅमएफएस. एवढ्यावर सर्व्हर उठतो. पण बायोसवरच्या मशीनमध्ये एक सुरुंग पेरलेला राहतो. ग्रब-पीसी हे पॅकेज ‘कुठल्या डिस्कवर बसायचं’ ते आपल्या डेबकॉन्फच्या (पॅकेजांच्या सेटिंगच्या) नोंदीत लिहून ठेवतं, आणि तिथे अजून जुन्या डिस्कचं नाव असतं. पुढे कधीतरी ग्रबचं अपडेट आलं की बूट पार्टिशनवरचे मॉड्यूल नवे होतात, डिस्कच्या सुरुवातीचा भाग जुनाच राहतो, आणि दोघांचं पटत नाही. जुलै २०२० मध्ये बूटहोल या सुरक्षा त्रुटीची दुरुस्ती आली तेव्हा अनेकांचे सर्व्हर ‘ग्रब-कॅलॉक सिम्बॉल सापडत नाही’ म्हणून पडले, त्यामागचं एक मोठं कारण हेच: ग्रब भलत्याच डिस्कवर बसत होता. डीपीकेजी-रीकॉन्फिगर ग्रब-पीसी चालवा, नवी डिस्क निवडा, जुनी काढा. एका मिनिटाचं काम आहे.

स्वॅपचंही असंच. नव्या स्वॅपला नवा यूयूआयडी मिळतो, पण इनिट्रॅमएफएस-टूल्सच्या रिझ्यूम फाइलमध्ये जुना असतो. सर्व्हर उठतो, पण दर वेळी त्या नसलेल्या स्वॅपची वाट बघत थांबतो.

रेड हॅट, अल्मा, रॉकीवर गोष्ट वेगळी. आवृत्ती ८ पासून प्रत्येक कर्नलची नोंद बूटमधल्या लोडर-एंट्रीज या फोल्डरमध्ये स्वतंत्र फाइलमध्ये असते. डीफॉल्ट-ग्रबची फाइल बदलून ग्रब२-एमकेकॉन्फिग चालवलं म्हणजे झालं, अशी समजूत जुन्या लेखांवरून होते. आवृत्ती ९ वर त्याने त्या नोंदींतला रूट पॅरामीटर बदलेलच असं नाही. ग्रबी (कर्नलच्या नोंदी बदलणारी कमांड) वापरा, सर्व कर्नलना एकदम लागू करा, आणि मग फाइल उघडून डोळ्यांनी बघा. ईटीसीखालच्या कर्नल फोल्डरमध्ये सीएमडीलाइन नावाची फाइल असेल तर तीही बदला. पुढचा कर्नल आपले पॅरामीटर तिथून उचलतो. यूईएफआय असेल तर ग्रब२-इन्स्टॉल चालवायचं नाही. शिम आणि ग्रब२-ईएफआय ही पॅकेजं पुन्हा बसवली की सही केलेल्या फाइल योग्य जागी येतात आणि सिक्युअर बूटही टिकतं.

एवढा खटाटोप करून काय मिळतं? एमबीआर सोडून जीपीटी, बायोस सोडून यूईएफआय, साध्या पार्टिशनांऐवजी एलव्हीएम. पुढच्या स्थलांतराचा त्रास याच वेळी कमी करून टाकता येतो. आणि जुनी डिस्क जशीच्या तशी राहते. नवी लागली नाही तर केबल बदलून दहा मिनिटांत कालच्या जागी परत.

पीव्हीमूव्ह: एलव्हीएम असेल तर

रूट आधीच एलव्हीएमवर असेल तर माझी पसंती इथे. नवी डिस्क लावा, पीव्ही करा, व्हीजीत (पीव्हींच्या गटात) घ्या, पीव्हीमूव्ह चालवा. सर्व्हर चालू, लोक काम करताहेत, आणि खालून डेटा सरकतोय. मध्येच वीज गेली तरी ते टप्प्याटप्प्याने नोंद ठेवत असतं. पुन्हा कसल्याही पर्यायाविना पीव्हीमूव्ह चालवलं की थांबलं होतं तिथून पुढे जातं. लॉजिकल व्हॉल्यूमचं (एलव्हीएमवरच्या पार्टिशनचं) नाव तेच, फाइलसिस्टिमचा यूयूआयडी तोच, म्हणून कर्नलचा रूट पॅरामीटर आणि एफएसटॅबची मुख्य ओळ तशीच.

उरतात बूट आणि ईएसपी. ती सहसा एलव्हीएमच्या बाहेर असतात, रेड हॅटच्या नेहमीच्या मांडणीत अनुक्रमे १ गिबीबाइट आणि ६०० मेबीबाइट. ती नव्या डिस्कवर बनवून फाइल कॉपी करा, एफएसटॅबमध्ये दोन यूयूआयडी बदला. इथे एक बारकावा आहे. ईएसपीवर वितरणाच्या नावाच्या फोल्डरमध्ये ग्रबची एक छोटी कॉन्फिग फाइल असते, तीन-चार ओळींची, आणि तिच्यात बूट पार्टिशनचा यूयूआयडी लिहिलेला असतो. ती कॉपी केली पण बदलली नाही, तर जुनी डिस्क असेपर्यंत सगळं सुरळीत चालतं. डिस्क काढली की समोर नुसता ग्रबचा प्रॉम्प्ट. ती ओळ बदला, ईएफआयबूटएमजीआरने नवी नोंद करा, आणि जुनी डिस्क काढून एकदा रीबूट केल्याशिवाय काम झालं म्हणू नका.

सेक्टरचा प्रश्न इथेही येतो. ५१२ आणि ४०९६ च्या डिस्क एका व्हीजीत घ्यायला नवं एलव्हीएम नकार देतं. हा नकार आपल्या भल्याचा आहे, जबरदस्तीने तो ओलांडू नका. रेड हॅट ९ वर एलव्हीएमची डिव्हाइसेस फाइलही असते. व्हीजीत नवा पीव्ही नेहमीच्या कमांडने घेतला तर त्याची नोंद आपोआप होते, पण कंट्रोलर बदलून डिस्कची ओळख बदलली असेल तर डेटाचा व्हीजी दिसेनासा होतो. एलव्हीएमडिव्हाइसेस या कमांडने ती डिस्क पुन्हा नोंदवा.

पीव्हीमूव्हची खरी उणीव तक्त्याच्या शेवटच्या ओळीत आहे. काम संपल्यावर जुन्या डिस्कवर परत जाता येत नाही. नवी डिस्क पहिल्याच आठवड्यात गेली तर हातात फक्त बॅकअप. नव्या हार्डवेअरवर विश्वास बसेपर्यंत मी हलवण्याऐवजी एलव्हीकन्व्हर्टने रेड१ चा आरसा करतो, दोन-तीन आठवडे दोन्ही डिस्कवर चालवतो, आणि मग जुनी बाजू काढतो. वेग जुन्या डिस्कचाच राहतो, पण तेवढे दिवस चालतं.

इनिट्रॅमएफएस: मशीन बंद करण्याआधीच

रेड हॅटच्या घराण्यात ड्रॅकट ‘होस्टओन्ली’ पद्धतीने चालतो. आत्ता या मशीनला लागतात तेवढेच ड्रायव्हर तो इनिट्रॅमएफएसमध्ये भरतो. आज मशीन मेगारेड कंट्रोलरवर चालत असेल तर त्यात एनव्हीएमईचा ड्रायव्हर नसण्याची दाट शक्यता. डिस्क नव्या जागी लावली, यूयूआयडी बरोबर, ग्रब बरोबर, कर्नलही चालू झाला, आणि त्यापुढे डिस्कच दिसत नाही. सुरुवातीला सांगितलेला पडदा तो हाच. यूयूआयडी सापडत नाही म्हणतोय म्हणून लोक तासभर यूयूआयडी तपासत बसतात.

उपाय सोपा, फक्त आधी करायचा. जुन्या डिस्कवर सर्व्हर चालू असतानाच ड्रॅकट ‘नो-होस्टओन्ली’ पर्यायाने चालवा, किंवा हवे ते ड्रायव्हर नाव घेऊन भरा: एनव्हीएमई, एमपीटी३एसएएस, जे लागेल ते. मग एलएसइनिटआरडीने आत बघून खात्री करा. आधी केलं नसेल आणि अडकलात, तर ग्रबच्या यादीतली ‘रेस्क्यू’ नावाची नोंद निवडून बघा. तिचं इनिट्रॅमएफएस सर्व ड्रायव्हर घेऊन बनवलेलं असतं, बरेचदा तिथून सर्व्हर उठतो आणि आतून दुरुस्ती करता येते. डेबियन-उबुंटूवर मॉड्यूल्स ‘मोस्ट’ (बहुतेक ड्रायव्हर भर) असं ठरलेलं असल्याने हा त्रास कमी. कुणी जागा वाचवायला ‘डेप’ (लागतील तेवढेच) केलं असेल तर तोच प्रश्न.

आभासी मशीनलाही हेच लागू. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर घेतल्यानंतर केव्हीएम आणि प्रॉक्समॉक्सकडे जाणारे बरेच जण आहेत. पीव्हीएससीएसआय जाऊन व्हर्टआयओ येतं, म्हणजे डिस्क कंट्रोलरच बदलला. व्हर्टआयओ-ब्लॉक घेतलं तर एसडीएचं व्हीडीए होतं, व्हर्टआयओ-स्कझी घेतलं तर एसडी नावं राहतात, पण ड्रायव्हर दोन्हीकडे नवाच.

सगळ्याच्या आधी एक तपासणी. जुन्या सर्व्हरच्या फर्मवेअरला एनव्हीएमईवरून बूट करता येतं का? पीसीआयई कार्डावर एनव्हीएमई बसवली म्हणजे बूट होईलच असं नाही. नसेल जमत तर बूट आणि ईएसपी छोट्या साटा एसएसडीवर ठेवा, रूट एनव्हीएमईवर. कर्नल एकदा चालू झाला की तो स्वतःच्या ड्रायव्हरने डिस्क वाचतो, फर्मवेअरची गरज उरत नाही. वेगात काही फरक पडत नाही.

मी काय निवडेन

एलव्हीएम असेल तर पीव्हीमूव्ह, आणि नवी डिस्क अजून पारखलेली नसेल तर त्याऐवजी आरसा. एलव्हीएम नसेल आणि एक शनिवार-रविवार हाताशी असेल तर आरसिंक, त्याच वेळी जीपीटी आणि एलव्हीएम करून घेत. डिस्क मरायला टेकली असेल, किंवा सर्व्हर असा असेल की त्याची मांडणी कुणालाच आठवत नाही आणि आज तो फक्त चालायला हवा, तर क्लोन, आणि जुनी डिस्क कपाटात.

कुठलीही वाट घेतलीत तरी जुनी डिस्क लगेच पुसू नका. आधी फाइंडएमएनटीच्या ‘व्हेरिफाय’ पर्यायाने एफएसटॅब तपासा. मग नव्या डिस्कवर एक कर्नल अपडेट होऊ द्या आणि त्या नव्या कर्नलवर रीबूट करा. जुना रूट पॅरामीटर कुठल्यातरी फाइलमध्ये लपून राहिला असेल, इनिट्रॅमएफएस पुन्हा चुकीचं बनत असेल, ग्रब अजून जुन्या डिस्ककडे बघत असेल, तर ते त्या रीबूटला बाहेर येईल. तोपर्यंत जुनी डिस्क तारखेची चिठ्ठी लावून कपाटात असू द्या.